मास्तरच्या गुंडीचं यकृत

"मोठ्याचं छाटून पोराचं होत नाही."

हे वाक्य मास्तर दिवसातून किती वेळा म्हणायचा, ते त्याच्या कात्रीलाच ठाऊक. एखादी बाई नवऱ्याची जुनी पँट काखेत मारून यायची आणि लाडीगोडी लावायची, "मास्तर, हिच्यातून आमच्या बारक्याची एक काढून द्या की." मास्तर चष्मा कपाळावर चढवून आधी हे वाक्य ऐकवायचा आणि मगच पँट हातात घ्यायचा.

"आता त्यात काय एवढं?" बाई म्हणायची.

"एवढं कसं? पोर म्हणजे आक्रसलेला माणूस आहे का? मोठ्याचं पोट पुढं येतं ते खाऊन. पोराचं पुढं असतं ते जन्मानं. पोराला बगलेत सैल लागतं, कारण ते दिवसभर हात वर करून काहीतरी ओढत असतं. मोठ्याच्या कपड्यात ढेरी वाढते बाई, पोराच्या कपड्यात पोर वाढतं."

बाई हसायची. मास्तर हसायचा नाही. ही त्याच्यासाठी चेष्टा नव्हती, विद्या होती. आणि विद्या सांगताना दात काढू नयेत, असं त्याचं मत होतं.

ही विद्या त्याने मामाकडे मार खाऊन मिळवली होती. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून लहानपणीच आईने त्याला आपल्या भावाच्या शिवणकामाच्या दुकानात आणून सोडलं. पहिली काही वर्षं त्याच्या वाट्याला फक्त कच्ची शिलाई उसवणं आणि इस्त्रीत कोळसा भरणं आलं. मामाचा हात जड, जीभ त्याहून जड. पण त्या उसवण्यातच पोराला शिवण कळली. कपडा आतून कसा असतो हे ज्याने पाहिलं, त्याला बाहेरून फसवता येत नाही, असं तो पुढे म्हणायचा. बिचाऱ्याला तेव्हा काय माहीत, की माणसाची आतली बाजू अशी उलटून बघता येत नाही.

मामा गेल्यावर तो या गावात आला. शाळेच्या भिंतीला लागून एक अरुंद, लांबट खोली मिळाली, आगगाडीच्या डब्यासारखी. पुढे रस्त्याकडे कापायचं टेबल, मध्ये मशीन, आणि मागे माप देणाऱ्यांसाठी टांगलेला पडदा. पडद्यामागे आणखी थोडी जागा आणि एक खिडकी. मास्तरने मुलांचेच कपडे शिवायचे ठरवले. हळूहळू शाळेचे सगळे गणवेश त्याच्या टेबलावरून जाऊ लागले. सकाळी मुलं मैदानात रांगांनी उभी राहिली, की तो दारात चहाचा पेला घेऊन उभा राहायचा. एकसारखे कॉलर, एकसारख्या घड्या, वाऱ्यावर हलणारे झगे. "बघ," शेजारच्या चपलावाल्याला तो म्हणायचा, "माझं पीक कसं उभं आहे."

"पीक तुझं, पण कापणी मास्तरीणबाईच्या हातात," चपलावाला म्हणायचा. मास्तरला बायकोचा धाक होता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

काजवाला आला तो एका रखरखीत दुपारी. तेव्हा तो काडीसारखा होता. दारात उभा राहून म्हणाला, "काज करीन." ना नमस्कार, ना ओळख. मास्तरने एक चिंधी त्याच्याकडे फेकली. त्याने तिथेच उंबऱ्यावर बसून त्या चिंधीला एक काज केलं. टाके असे, की मुंग्यांची रांग एका भोकाभोवती शिस्तीत फिरतेय. मास्तरने ते काज उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं, आणि काही न बोलता मागची खिडकीजवळची जागा त्याला दाखवली. त्या दिवसापासून ती जागा त्याची झाली. एकाचा डबा, दोघांचे हात. मास्तर आजारी पडला तर काजवाला दुकान उघडायचा. काजवाल्याच्या उशाला बसायला घरात कुणी नव्हतं, तर मास्तर बसायचा. काजवाल्याचं लग्न झालं नाही. एका मुलीने नाही म्हटलं, त्यावर त्याने पुन्हा कुणाला विचारलंच नाही. "एका नकारात माझं पोट भरतं," असं तो म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

मास्तरला मूल झालं तेव्हा त्याच्या कानशिलांवर पांढरं यायला लागलं होतं. बायकोने आशा सोडली होती. मुलगी झाली. काजवाल्याने तिला पहिल्यांदा उचललं, तेव्हा तिने त्याच्या सदऱ्याची गुंडी मुठीत अशी धरली की सोडेना. शेवटी गुंडी तुटली, पण मूठ उघडली नाही. "ही गुंडीच घेऊन जाते माझी," तो म्हणाला. पोरीचं नाव पडलं गुंडी. कागदावर दुसरं चांगलंसं नाव होतं, ते शाळेतल्या बाईच वापरायच्या.

मास्तरीणबाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, परीटघडीचे कोट, उशांचे अभ्रे. ती यायची दिवस कलल्यावर. त्यामुळे गुंडी शाळा सुटली की भिंतीला वळसा घालून दुकानात. पुढे गिऱ्हाईक, कापडाचे गठ्ठे, कात्री. म्हणून तिची बैठक पडद्यामागे, काजकाकाच्या खिडकीशी. तिथे तिचा अभ्यास व्हायचा, झोप व्हायची, आणि खाणं व्हायचं. काजवाला कोपऱ्यावरून तिच्यासाठी नारिंगी कोल्ड्रिंकची बाटली आणायचा. कधी क्रीमची बिस्किटं. "लेकरू शाळेतून वाळून येतं रे," तो म्हणायचा. मास्तरला त्यात काही वावगं दिसलं नाही. पोर खातंय म्हणजे पोर बरं आहे. ज्याने लहानपणी मोजून खाल्लं, त्याला दुसरा हिशेब कुठून यावा?

गुंडी वाढू लागली. उंचीने थोडी, रुंदीने फार. मास्तरच्या हाताला ते आधी कळलं. तो पोरांच्या कपड्याला आतून भरपूर कापड राखून शिवायचा, पुढे सैल करता यावं म्हणून. गुंडीचा झगा कमरेत धरू लागला, की धुतलेला जोड दुकानात आणून जेवणाच्या सुट्टीत तो दोन्ही बाजू उसवून पुन्हा शिवायचा. तिला सांगायचा नाही, बायकोला सांगायचा नाही. "पोरीला घट्ट वाटायला नको," एवढंच मनात. कॉलर वाढवताना त्याला तिच्या मानेवरचा काळा पट्टाही दिसला होता, मखमलीसारखा, जाडसर. त्याला वाटलं, मळ. त्याने बायकोला सांगितलं. धुलाईघरातली ती बाई. मळाशी तिचं जन्माचं वैर. ती पोरीची मान खरखरीत फडक्याने घासायची. पोर रडायची, मान लाल व्हायची, आणि काळं तिथेच राहायचं.

"कसला मळ आहे हा," ती म्हणायची, "माझ्या हातून एवढे चादरींचे ढिगारे स्वच्छ झाले, आणि पोटच्या पोरीची मान निघेना?"

त्याच सुमारास शाळेच्या सभागृहात आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं होतं. मोठ्यांसाठी. काजवाला गंमत म्हणून गेला आणि पोटावर यंत्र फिरवून घेऊन आला. यकृतावर चरबी आहे, असं त्याला सांगितलं गेलं. गोड कमी करा, चालत जा. चपलावाल्याने गल्लीभर केलं, "काय रे, चोरून घेतोस की काय?" काजवाल्याने दारूचा वास सोडला तर कधी दुसरं काही घेतलं नव्हतं. तो म्हणाला, "अरे, मी बसून बसून यकृतालाही बसायची सवय लावली." सगळे हसले. त्याने ना गोड सोडलं ना चालायला सुरुवात केली. आणि खरंच, त्याला काही झालं नाही. ना दुखलं, ना खुपलं. वर्षं गेली. "माझं यकृत आणि मी, दोघं मजेत," हे त्याचं पेटंट वाक्य झालं. ते वाक्य पुढे कुठे जाऊन उभं राहणार होतं, ते तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गुंडी पाचवीत असताना तिच्या पोटात उजवीकडे जड जड वाटायला लागलं. खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून बसायची. शाळेतल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला, तेव्हा आईवडील तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी मान पाहिली.

"हे घासू नका," त्या म्हणाल्या. "हा मळ नाही. आतलं काहीतरी बाहेर सांगतंय."

मास्तरीणबाईने हात पदराखाली घेतले.

रक्त झालं, पोटावर यंत्र फिरलं. गुंडीच्या यकृतावर चरबी होती, आणि ते सुजलं होतं.

मास्तर हसला. सुटकेचं हसू. "एवढंच ना? आमच्या काजवाल्याला आहे की तेच. कितीतरी वर्षं झाली, ठणठणीत आहे गडी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबा, नाव एक आहे, पण दोघांचं दुखणं एकसारखं चालत नाही. मोठ्यांत हे बहुतेकदा सावकाश येतं, वर्षानुवर्षं गुपचूप बसतं. काहींना शेवटी त्रास देतं, काहींना कधीच नाही. पोरांत सूज निराळ्या ठिकाणी धरते, आणि कधीकधी व्रण पडायला लवकर सुरुवात होते. शिवाय आयुष्य पुढे पडलंय. मोठ्या माणसाचा जो आकडा आम्ही चालवून घेतो, तो पोराचा असला तर चालवून घेत नाही. मोठ्यांची फूटपट्टी इथं लावायची नाही."

मास्तर खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, हे तर तुम्ही माझंच बोललात!" आणि त्याने आपलं वाक्य त्यांना ऐकवलं, पँटच्या गोष्टीसकट. डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. त्या दिवसापासून मास्तरची त्यांच्यावर जी श्रद्धा बसली, ती बसलीच.

"आणि एक चांगलं ऐका," त्या म्हणाल्या. "पोरांचं यकृत भरूनही लवकर येतं. औषध नाही देणार मी. उपाशीही ठेवायचं नाही, वाढीचं वय आहे. वजन आहे तिथे थोपवा, उंचीला त्याला गाठू द्या. खेळ, झोप, घरचं साधं खाणं. आणि गोड पेयं बंद. बाटलीतली तर अजिबात बंद. सगळ्यात आधी ती."

बाहेर आल्यावर मास्तरीणबाई म्हणाली, "तुम्ही शिवण उसवत गेलात ना?"

मास्तर वाकून चपला घालू लागला.

"मी कपडे धुते हो. आतले जुने टाके मला दिसत होते. मला वाटलं, पोर उंच होतेय म्हणून. तिला एकदा जरी झगा घट्ट झाला असता, तर मी विचारलं असतं, का." एवढं बोलून ती पुढे चालू लागली. तिच्या पाठीकडे बघत मास्तर घरापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात काजवाल्याला समोर बसवलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मोठ्यांचं निराळं, पोरांचं निराळं, व्रण, बाटली, सगळं. काजवाल्याचे डोळे भरले. "माझ्या हातानं दिलं रे मी," तो म्हणाला. "आजपासून या दुकानात गोडाचा थेंब येणार नाही. तू पुढचं बघ, मागचं माझ्यावर सोड."

मास्तरने सोडलं. डोळे मिटून सोडलं.

मग सुरू झालं ते एक व्रतच म्हणा. घरातून साखरेचा डबा गेला. मास्तरने स्वतःचा गोड चहा सोडला. पहिले काही दिवस त्याची कात्री वाकडी चालायची. सकाळी बापलेक शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. गुंडी पाय ओढायची, तो तिला रमवायला मामाच्या दुकानातल्या गोष्टी सांगायचा.

"बाबा, मामा तुम्हाला मारायचा तेव्हा तुम्ही रडायचात?"

"रडलो तर कापड भिजायचं. मग कापडासाठी वेगळा मार."

पोर हसायची, आणि हसता हसता आणखी एक फेरी व्हायची. मास्तर त्या दिवसांत सुखी होता, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण होता. पोरीच्या दुखण्याशी तो हातघाईची लढाई लढत होता, आणि पाठीमागे त्याचा मित्र उभा होता.

काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडे उतरले नव्हते. उलट चढले होते.

"गोड काही जातंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जीव गेला तरी नाही," मास्तर छाती ठोकून म्हणाला. "घर माझं, दुकान माझं. मी डोळ्यांत तेल घालून आहे."

आणखी काही महिने गेले. फेऱ्या वाढल्या, भाज्या वाढल्या, आकडे तिथेच. डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. पोरांत यकृत सुजलं की दुसरीही दुखणी बघावी लागतात, त्यांनी सांगितलं. काही जन्मजात असतात, काहींत शरीरात तांबं साठतं. रक्तातून जेवढं कळतं तेवढं त्यांनी पाहिलं. तरी शंका फिटेना. "एवढं सगळं पाळूनही उतरत नाही, म्हणजे आत काहीतरी निराळं असू शकतं," त्या म्हणाल्या. "मोठ्या इस्पितळात सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल."

सुई हा शब्द मास्तरने आयुष्यभर ऐकला होता. त्या दिवशी त्याने तो डॉक्टरीणबाईंना पुन्हा म्हणायला लावला.

इस्पितळाच्या लांबलचक ओट्यावर तिघं बसले होते: मास्तर, मास्तरीणबाई आणि काजवाला. गुंडीला गुंगी देऊन आत नेलं होतं. मास्तर काजवाल्याचा हात धरून होता. "तू आहेस म्हणून मी बसलोय," तो म्हणाला. काजवाला खाली बघत होता. एकदा तो उठला, आतल्या दारापर्यंत गेला, तिथल्या परिचारिकेसमोर उभा राहिला, आणि काही न बोलता परत आला. मास्तरला भरून आलं. लेकराच्या काळजीने गडी कसा कासावीस झालाय, असं त्याला वाटलं.

गुंडी नंतर किती तरी वेळ उजव्या कुशीवर, हलायचं नाही या बोलीवर, पडून होती. तिच्या बरगड्यांखाली पांढरी पट्टी. "बाबा, कूस बदलू?" ती विचारायची. "नको गं राणी." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" मास्तरला ते "आता?" पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू येत राहिलं.

उत्तर आलं तेव्हा फक्त बापलेक डॉक्टरीणबाईंसमोर होते. दुसरं कुठलंही दुखणं नव्हतं. तीच चरबी, तीच सूज, आणि कडेकडेने व्रणाचे धागे धरायला लागलेले. अजून बारीक, अजून परतणारे. पण धरलेले.

"म्हणजे गोड कुठून तरी जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाई, मी शपथ घेऊन..."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. दर वेळी तुम्हीच बोलता. मी हिला विचारतेय." त्या खुर्ची ओढून गुंडीच्या गुडघ्यांसमोर आल्या. "मी रागावणार नाही. तू गोड काही पितेस का?"

गुंडीने झग्याची कड मुठीत धरली. "रोज नाही," ती म्हणाली.

"मग कधी नाही पीत?"

"रविवारी नाही. रविवारी दुकान बंद असतं."

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मास्तरने मुलीकडे पाहिलं. रोज सकाळी त्याच्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारणारी, त्याच्या गोष्टींना हसणारी, चहात साखर नाही म्हणून "बिच्चारे बाबा" म्हणणारी ही पोर. ती रोज दुपारी पडद्यामागे बाटली तोंडाला लावत होती, आणि तो पडद्याच्या या बाजूला, हात-दोन हातांवर, दुसऱ्यांच्या पोरांची मापं घेत होता.

"कोण देतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते नका विचारू," मास्तर म्हणाला.

दुकानाशी आल्यावर त्याने गुंडीला बाहेर पायरीवर बसवलं. आत गेला, आणि पडदा बाजूला केला. काजवाला खिडकीशी काज करत होता. त्याने मान वर केली, आणि त्याला कळलं. इतक्या वर्षांच्या सोबतीत सांगावं लागत नाही.

"आधी बंद केलं होतं रे," तो लगेच बोलू लागला. "खरंच बंद केलं होतं. पण ती रडायची. तू पुढं कात्री चालवायचास, तुला ऐकू जायचं नाही. पडद्याआड तोंड खुपसून रडायची, काकाऽ थोडीशी, काकाऽ. मला दुसरं कोण काका म्हणतं? एकदा दिली. मग म्हटलं, एका बाटलीनं काय होतंय? मलाही आहे की तेच. मला काय झालं? इतकी वर्षं..."

"मी तुला सांगितलं होतं," मास्तर म्हणाला. "इथंच बसवून सांगितलं होतं. तुझं निराळं, तिचं निराळं."

"सांगितलं होतंस. पण मी माझ्या अंगावरून विचार केला. डॉक्टर लोक घाबरवतात, असं वाटलं."

"आकडे चढले तेव्हा?"

काजवाल्याने हातातलं काज उलटं करून पाहिलं.

"त्या ओट्यावर बसला होतास. तुझा हात माझ्या हातात होता. आत माझ्या पोरीच्या बरगडीत सुई जात होती, आणि तुला माहीत होतं, की त्या सुईची गरज नाही. तुला एकट्याला माहीत होतं. एक शब्द, लेका. एक शब्द बोलला असतास, तर तिला उठवून घरी आणली असती."

"गेलो होतो सांगायला. दारापर्यंत गेलो."

"आणि?"

काजवाल्याने सुई कापडात खुपसली. मग असं काही बोलला, की बोलला नसता तर बरं झालं असतं. "मनात म्हटलं, थांब. आत दुसरंच काही निघेल. जन्माचं, रक्तातलं. मग ते माझ्यामुळं नसेल."

मास्तरला ते नीट कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने पडद्याची दांडी धरली.

"तू माझ्या पोरीला दुसरा रोग मागत होतास?"

"मास्तर..."

"तिथं बसून. माझा हात धरून. स्वतः सुटावंस म्हणून, तिला न बरा होणारा रोग मागत होतास?"

"तसं नव्हे रे. तसं नव्हतं मनात."

"कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात. शेत खाल्लंस ते एक वेळ सोडलं असतं मी. पोरीनं हट्ट केला, तुझा जीव तुटला, समजू शकतो. माझाही तुटला होता, म्हणून मी शिवण उसवत बसलो. पण हे..." गिऱ्हाइकांना तासन्‌तास ऐकवणाऱ्या त्या माणसाकडे शब्द संपले.

काजवाला उठून उभा राहिला. "मार मला. शिवी दे. हाकल."

मास्तरने हात उचलला नाही. शिवीही दिली नाही. "गणवेशांचं काम अंगावर आहे," तो म्हणाला. "काजं पुरी कर. पोरांचे कपडे अडायला नकोत. ती झाली की तू तुझं बघ. आणि गुंडी यापुढं पडद्याच्या आत येणार नाही. तिला हाक मारू नकोस."

"हाकसुद्धा नको?"

मास्तरने पडदा सोडला. तो मधे आला.

बाहेर पायरीवर गुंडी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "काकाचा दोष नाही. मीच सांगितलं होतं, बाबांना सांगू नको म्हणून."

मास्तर तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. रागाने म्हणावं तर राग नव्हता. त्या क्षणी त्याचा हात कुठल्याच हाताकडे जात नव्हता. "चल," एवढंच म्हणाला, आणि चालू लागला. घराकडे नव्हे, शाळेची भिंत धरून गावाबाहेर जाणाऱ्या लांब रस्त्याने. पावलं भराभर टाकत, खांदे थोडे पुढे, गळ्यात मापाची पट्टी तशीच.

गुंडी थोडा वेळ बसून राहिली. मग उठली आणि त्याच्यामागे निघाली. आधी चालत, मग अंतर वाढतंय असं बघून पळत, एक हात बरगडीखाली दाबून. तो थांबला नाही. पण वळणाशी त्याची पावलं आखडली, आणि ती त्याच्या बाजूला आली. दोघं बरोबर चालू लागली, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

काजवाला पडदा सारून उंबऱ्यापर्यंत आला होता. उंबरा मात्र त्याने ओलांडला नाही. दोन पाठी लहान होत चालल्या होत्या, एक मोठी, एक छोटी, आणि तो डोळे बारीक करून बघत होता.

कुणी एक बाई कापडाची पिशवी घेऊन पायरी चढली. "मास्तर नाहीत का?" तिने आत डोकावत विचारलं. "कुठं गेले?"

"चालायला," काजवाला म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.